मास्तरांच्या दंडाचं माप

“तुझ्यामुळेच वाढतं माझं. मशीन तुझ्या हातात आलं की वाढतं.”

“बोलू नका, पट्टा फुगतोय.”

“फुगू दे. तूही सकाळपासून फुगलायसच की.”

“बाबा, तोंड मिटा जरा.”

“ऐकलंस का गं? चिरंजीव बापाला तोंड मिटायला सांगतायत.”

आई आतून म्हणाली, “दोघंही मिटा.”

मशीन घरघरत राहिलं, मग दोनदा वाजलं आणि आकडा आला. वर एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार. मी मोठ्याने वाचला, कारण बाबांना तो दिसत नाही. हल्ली त्यांना मशीनच काय, मशीन धरून बसलेला मीपण नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त.

“बघ,” बाबा म्हणाले. “काल संध्याकाळी तू बाहेर होतास, तुझ्या आईने घेतलं, तर एकशे बासष्ट. सोळाचा फरक. हे सोळा तुझे.”

रक्त त्यांचं, दंड त्यांचा, आणि आकडा माझ्या नावावर. माझं डोकंच फिरलं. मी मशीन कटिंगच्या टेबलावर आपटणार होतो, पण ते नवीन होतं, म्हणून खडूचा डबा आपटला.

आमचं शिवणाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा, त्यामुळे घरातलं भांडण गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाइकाचं भांडण घराला फुकट ऐकायला मिळतं. बाबांना अख्खी गल्ली मास्तर म्हणते. मला कुकर म्हणते. शाळेत असताना पडलेलं नाव आहे. शाळा मी दोन वर्षांपूर्वी सोडली, नाव मला सोडत नाही.

डोळ्यांचं प्रकरण बाबांनी वर्षभर दाबून ठेवलं होतं. सुई ओवायला मला हाका मारायचे, दिवसातून चाळीस वेळा, आणि वर म्हणायचे, हल्ली सुयांची भोकंच बारीक येतात. निळ्या पँटला काळा दोरा लावला तेव्हा म्हणाले, ट्यूबलाइट खराब आहे. मग महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं, उजवा हात मागे वळलेला, जसं कुणीतरी मागून धरून पोलिसात नेतंय. बाबा म्हणाले, “पहिल्यांदा घातला की असंच वाटतं.” दुसऱ्या दिवशी आई त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला शनिवारची तारीख दिली. पण आदल्या आठवड्यात तपासायला बोलावलं तेव्हा बीपी निघालं एकशे शहात्तर. डॉक्टर म्हणाले, एकशे साठच्या वर असेल तर मी डोळ्याला हात लावणार नाही. घरी मशीन आणा, रोज सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा, शनिवारी वही घेऊन या. आकडे खाली आले तर करू, नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी.

तीन महिन्यांनी काय उपयोग. शाळा सुरू होणार पुढच्या महिन्यात. एका शाळेचे एकशेचाळीस गणवेश आमच्याकडे आहेत, कापडाचे तागे येऊन पडलेत, आणि कापणारा माणूस एकच. आई शिवते, मी काजं-बटणं करतो, पण कात्री फक्त बाबांची. एकशेचाळीस पोरं दोन डाव्या बाह्या घालून प्रार्थनेला उभी राहिली तर दुकानाला कुलूपच. बाबा हे बोलत नव्हते. फक्त ताग्यांवरून हात फिरवत बसायचे.

तर मशीन आणलं. मेडिकलवाल्याने दाखवून दिलं, हा पट्टा दंडाला गुंडाळायचा, हे बटण दाबायचं, बस. त्याने स्वतःच्या दंडाला लावून दाखवलं. त्याचा दंड म्हणजे झाडूची काठी. घरी येऊन बाबांना लावलं तर पट्टा जेमतेम टोकाला चिकटला. बटण दाबलं, फुगला, आणि फर्रकन सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा सुटून माझ्या नाकावर बसला.

बाबांनी पट्टा हातात घेतला, बोटांनी सगळीकडून चाचपला. डोळे गेले तरी बोटं शाबूत आहेत त्यांची. म्हणाले, “काही लिहिलंय का यावर?”

मी बघितलं. कडेला बारीक छापलं होतं. “बावीस ते बत्तीस.”

“बावीस?” बाबा खो खो हसले. “बावीस इंच दंड? हत्तीसाठी शिवलाय का? माझा फार तर पंधरा. म्हणजे माप भरपूर दिलंय, शिवण चुकलीय. वेल्क्रोची चिकटपट्टी लावलीय भलत्याच जागी. कारखान्यात कोण बसवतात कोण जाणे. आण इकडे, सुई ओव.”

मी सुई ओवली. त्यांनी बॅगेच्या सामानातली चार इंच चिकटपट्टी काढली आणि पट्ट्याच्या टोकाला जोड दिला. आतल्या रबरी फुग्याला सुई लागू नये म्हणून कापड चिमटीत उचलून, एक-एक टाका बोटाने मोजत, डबल शिलाई. राखाडी दोरा मी निवडून दिला. खरं सांगतो, डोळे मिटून केलेलं असं काम मी आजवर बघितलं नाही. जोड कुठे आहे ते सांगूनही दिसणार नाही. पट्टा आता दंडाला छान बसला, फुगला, सुटला नाही. आणि आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर.

तिथून रविवार, सोमवार, मंगळवार, एकही दिवस एकशे साठच्या खाली नाही. आई आकडे गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत लिहायची, कारण घरात दुसरी वहीच नाही. सोमवारी दुकानाच्या दारात टेबल मांडलेले आमचे इस्त्रीवाले काका वही चाळत होते, अचानक थांबले आणि विचारलं, “मास्तर, हे कोण गिऱ्हाईक? छाती एकशे चौऱ्याहत्तर, कंबर एकशे दोन? याला कापड पुरणार कुठून?”

आईने जेवणातलं मीठ कमी केलं, मग अजून कमी केलं. बाबा ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, “दिसत नव्हतं, आता चवपण गेली.” आणि रोज मोजताना बोलायचे. पट्टा फुगायला लागला की यांना गल्लीतली सगळी प्रकरणं आठवायची. पाय एकावर एक, हात हवेत, बाहीचं माप देतात तसा आडवा धरलेला, आणि तोंडाचा पट्टा चालू. मी गप्प बसा म्हटलं की ते चिडणार, ते चिडले की मी चिडणार, आणि मधे ते मशीन बिचारं घरघरत.

तर त्या मंगळवारी त्यांनी सोळा माझ्या नावावर टाकले. एवढ्यावर थांबले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, “याला शनिवारपर्यंत मावशीकडे पाठव. माझा डोळा होऊ दे, मग येऊ दे परत.”

मी पडद्यामागेच होतो. आई म्हणाली, “हळू बोला, ऐकतोय तो.”

“ऐकू दे. एकशे अठ्ठ्याहत्तर आहे माझं, हळू बोलून काय उरलंय.”

रात्री मी जेवलो नाही. कुणी विचारलं नाही, मग अजून राग आला. पण बुधवारी सकाळी उठलो तो ठरवूनच. मावशीकडे जाईन, पण आधी सिद्ध करून जाईन की मी कुणाचं काही वाढवत नाही.

आधी स्वतःचं घेतलं. एकशे बारा, सत्तर. मीच मला वाढवत नव्हतो. मग आईचं घेतलं, मुद्दाम तिच्याशी भांडत. “तुला कायम तेच बरोबर वाटतात,” वगैरे. तिने शिवणयंत्रावरून नजरही वर केली नाही. एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर.

“झालं भांडून?” ती म्हणाली. “आता बॉबिन भर.”

मग इस्त्रीवाले काका. हे काका पन्नाशीचे, रोज दोन मैल चालतात, साधं डोकं दुखलेलं कुणी पाहिलेलं नाही. म्हटलं, यांचं सरळ येईल. पट्टा लावला. आकडा आला एकशे छप्पन्न, खाली चौऱ्याण्णव.

काकांचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट झाला. हळूच स्टुलावर बसले. “मला पाणी दे,” म्हणाले. मग म्हणाले, “नको, पाण्यात मीठ असतं का?” मग बायकोला फोन लावला आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगायला लागले. मी म्हटलं, काका, मरत नाही तुम्ही. ते म्हणाले, “तुला काय माहीत, तू तर शाळाही पुरी केली नाहीस.” अर्धवट इस्त्री केलेला शर्ट तसाच टाकून ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे पळाले. त्या शर्टाची बाही जळाली, ते वेगळंच.

अर्ध्या तासाने काका परत आले ते छाती पुढे काढून. “एकशे बत्तीस, ब्याऐंशी. बाईंनी दोनदा घेतलं. म्हणाल्या, पळत आलात म्हणून एवढं तरी आलं. तुमचं मशीन खोटं बोलतंय, मास्तर.”

“मशीन खोटं,” बाबा उसळले. “म्हणजे मला काही झालेलंच नाही.”

“मग माझं आणि आईचं बरोबर कसं आलं?” मी म्हटलं.

“माणूस पाहून बोलत असेल,” काका म्हणाले.

मी काकांकडे बघत राहिलो. ते इस्त्री उचलत होते. आमची इस्त्री जुनी, लोखंडी, सात किलोची. वीस वर्षं ती उचलून काकांचा दंड झालाय माझ्या मांडीएवढा. आणि त्यांच्या आधी पंधरा वर्षं ती इस्त्री बाबा उचलायचे. मी बाबांच्या दंडाकडे बघितलं. मग माझ्या. मग आईच्या. बारीक दंड, बरोबर आकडा. जाड दंड, चढा आकडा.

पट्टा उचलला, बाबांची कैची घेतली आणि जोड उसवायला बसलो.

“काय उसवतोयस?” बाबा म्हणाले. दिसत नाही त्यांना, पण टाका तुटल्याचा आवाज लांबून ऐकू जातो.

“तुमचं काम.”

“हात लावशील तर बघ.”

तोवर अर्धा निघाला होता. खाली ती बारीक छपाई. बावीस ते बत्तीस. आणि त्याच्यापुढे, जोडाखाली दडलेली, दोन अक्षरं. मी रविवारी ती बघितली होती. बघितली होती, पण वाचली नव्हती, कारण मला कायम घाई असते आणि बाबा सुई ओव म्हणत होते.

“बाबा,” मी म्हटलं, “हे सेंटीमीटर आहे.”

शिवणयंत्र थांबलं.

आमच्या दुकानात सगळं इंचात. गिऱ्हाईक इंचात, कापड इंचात, मी जन्मलो तेव्हा किती लांब होतो तेही घरात इंचात सांगतात. टेपच्या मागच्या बाजूला सेंटीमीटर असतात हे आम्हाला माहीत आहे, जसं शेजारच्या घराला मागचं दार आहे हे माहीत असतं. तिकडून कधी कुणी गेलेलं नाही.

आई उठली. बाबांच्या गळ्यातला टेप काढला आणि उलटा केला. “हात द्या.”

“मास्तरचं माप कोण घेतं?” बाबा मागे सरकले.

“कुणी नाही घेत, म्हणून तर. तीस वर्षं अंदाजाने स्वतःचे शर्ट शिवताय. दंडात प्रत्येक शर्ट घट्ट. मला काय दिसत नाही?”

“ती फॅशन आहे.”

“हात.”

बाबांनी हात दिला. अख्ख्या गल्लीचे दंड मोजलेला माणूस लहान पोरासारखा दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. आईने टेप वाचला. “सदतीस.”

बत्तीसपर्यंतचा पट्टा, सदतीसचा दंड. आम्ही त्याला जोड दिला होता, म्हणजे चिकटपट्टी लांब झाली होती. आतला फुगा होता तेवढाच.

काका म्हणाले, “म्हणजे लहान मुलाची पँट मोठ्या माणसाला घातली, फक्त पट्टा लांब लावून.”

“तू इस्त्री कर,” बाबा म्हणाले.

आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, “शिलाई सुरेख आहे.” बाबा खूश झाले. मग बाईंनी सगळं विचारलं, कसं बसता, हात कुठे ठेवता, बोलता का. शेवटच्या प्रश्नावर आई आणि मी एकदम हसलो. बाई म्हणाल्या, पट्टा छोटा असला की आकडा चढा येतो, ते एक. पण बोललं की चढतो, पायावर पाय टाकला की चढतो, हात लोंबकळत किंवा हवेत धरला की गडबड होते. “थोडं पट्ट्यामुळे, थोडं तोंडामुळे. याच कंपनीचा मोठा पट्टा मिळतो, तो आणा.” मग स्वतःच्या मोठ्या पट्ट्याने, बाबांना पाच मिनिटं मुकं बसवून, दोनदा मोजलं. एकशे चौपन्न, ब्याण्णव.

“म्हणजे बीपी नाही,” बाबा म्हणाले.

“आहे,” बाई म्हणाल्या. “एवढं नाही, पण आहे. ही गोळी रोज सकाळी. ऑपरेशन झालं तरी बंद करायची नाही. मला विचारल्याशिवाय तर नाहीच.”

बाबांचा चेहरा पडला. माझापण थोडा पडला. मला वाटत होतं सगळं त्या पट्ट्याचंच असावं. बाई माझ्याकडे वळल्या. “आणि भांडण झालं की लगेच मोजायचं नाही. अर्धा तास थांबा.”

“यांच्या घरात अर्धा तास मिळायचा नाही,” काका म्हणाले. तेही आले होते, का कोण जाणे.

बाहेर पडताना मी विचारलं, “सोळा माझे होते का?”

बाई म्हणाल्या, “चार-पाच असतील.”

मोठा पट्टा गुरुवारी दुपारी आला. संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा नीट मोजलं. बाबा खुर्चीत, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात कटिंगच्या टेबलावर, खाली घडी केलेलं गणवेशाचं कापड, म्हणजे दंड छातीच्या उंचीला येतो. आणि पाच मिनिटं शांत. आमच्या घरात पाच मिनिटांची शांतता मी पहिल्यांदा ऐकली. रस्त्यावरून दोन माणसं आत डोकावून गेली. काका इस्त्री बाजूला ठेवून पळत आले, दबक्या आवाजात म्हणाले, “कोण गेलं?” बाबांच्या तोंडावर उत्तर आलं होतं, ओठापर्यंत आलं होतं, मी बघितलं. त्यांनी ते गिळलं. गळ्याची घाटी वर-खाली झाली.

एकशे बावन्न, नव्वद. शुक्रवारी सकाळी एकशे अठ्ठेचाळीस. संध्याकाळी एकशे पन्नास.

शुक्रवारीच वहीवरून पुन्हा जुंपली. बाबा म्हणाले, पहिल्या तीन दिवसांचं पान फाड. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, फाडायचं नाही, एक रेघ मारून बाजूला खरं कारण लिहायचं.

“काय लिहिणार? मास्तरने इंच समजून सेंटीमीटरला जोड दिला? तिथल्या सगळ्यांना वाचायला देणार?”

“छोटा पट्टा, एवढंच लिहीन.”

“आणि विचारलं तर?”

“तर सांगू, वाचणाऱ्याची चूक होती. मीच वाचलं होतं ना.”

बाबा गप्प झाले. पट्टा नसताना. मग म्हणाले, “अर्धी तुझी, अर्धी माझी. लिही.”

आणि आज शनिवार. दवाखान्यात सकाळी आठला पोचलो, दोन जिने चढून, कारण लिफ्टसमोर रांग होती. सिस्टर आली, हातात नेहमीचा पट्टा, बाबांच्या शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळला. मी तोंड उघडेपर्यंत फुगलाही. एकशे सत्तर. तिने कागदावर लिहिलं आणि म्हणाली, “आज होणार नाही. तारीख बदलून घ्या खाली.”

माझ्या कानात शिटी वाजायला लागली. मी म्हटलं, “पट्टा छोटा आहे.”

“सगळ्यांना हाच लावतो.”

“सगळ्यांचा दंड एवढा नसतो. बघा, ही वही बघा.”

“किती शिकलायस?”

“शाळा सोडलीय.”

“आणि मला शिकवतोस?”

एरवी मी वही तिच्या टेबलावर आपटली असती. पण तिथे आवाज चढवला असता तर बाबांचं अजून पाचने वर गेलं असतं, आणि ते पाच खरंच माझे असते. मी दात आवळून उभा राहिलो. बाबा इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. कुणी सांगितलं नव्हतं, पट्टा दिसला की गप्प बसायची सवयच लागलीय दोन दिवसांत. आता पट्टा सुटला तसे ते बोलले, गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात, हळू आणि पक्का.

“सिस्टर, मी शिंपी आहे. माझा दंड साडेचौदा आहे. तुमच्या मापात सदतीस. पट्ट्यावर बघा, बत्तीसला संपतो. मापात बसत नाही ते मी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवत नाही. एकदा चढवलं होतं. माझ्याच अंगावर. त्या वहीत आहे.”

सिस्टरने पट्टा उलटा करून बघितला. मग वही बघितली. रेघ मारलेलं पान बघितलं, माझं अक्षर वाचायला तिला वेळ लागला. तशीच निघून गेली, आणि बराच वेळ आलीच नाही. मला वाटलं, गेली डॉक्टरांना सांगायला. ती वरच्या मजल्यावरून मोठा पट्टा घेऊन आली. बाबांना बाहीतून हात काढायला लावला, पाठीला उशी दिली, हाताखाली टेबल ओढलं. “पाच मिनिटं बोलायचं नाही.”

बाबांनी मान हलवली.

त्या पाच मिनिटांत मी भिंतीवरच्या सगळ्या सूचना वाचल्या. शेवटच्या अक्षरापर्यंत. एकशे बावन्न, अठ्ठ्याऐंशी. तिने पुन्हा घेतलं. एकशे पन्नास. डॉक्टर आले, वही चाळली, एका ठिकाणी थांबले आणि विचारलं, “हे खांदा अठरा, बाही चोवीस कोणाचं?”

“ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचं,” मी म्हटलं. “पुढचं पान.”

ते हसले नाहीत. पुढचं पान वाचलं, सही केली, आणि सिस्टरला म्हणाले, “घ्या यांना.”

बाबांना हिरवा गाऊन दिला. तो दंडात घट्ट होता. आत नेताना ते मागे वळून म्हणाले, “कुणी शिवलाय हा?” आणि दार बंद झालं.

त्याला आता चाळीस मिनिटं झाली. आई बाकावर बसून गणवेशाच्या खिशांना टाके घालतेय, पिशवीतून घेऊनच आली होती. मी मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितोय, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत आणि कुणाशी भांडण होत नाही. सिस्टर दारात आलीय. मास्तरांचा मुलगा कोण, म्हणून विचारतेय. ऑपरेशन झालंय, पण ते आत बोलायला लागलेत म्हणे, थांबत नाहीयेत, डोळ्यावर पट्टी बांधायची आहे, मी येऊन त्यांना गप्प करीन का. मला जायला हवं आता.